उजव्या हाताचं माप

माझी आई नवीन बाई भेटली की तिच्या तोंडाकडे नंतर बघते, आधी हाताकडे. बँकेतल्या मॅडम असोत नाहीतर माझ्या कॉलेजच्या प्राचार्य, आई मनात म्हणणार, दोन-सहा, अंगठा कडक, तेल लागेल. हे आपण मनात म्हणतो असं तिला वाटतं. प्रत्यक्षात ते शेजारच्या चार जणांना ऐकू जातं. लहानपणी मला जेवढी म्हणून लाज वाटली असेल, तिच्यातली निम्मी तरी यातच खर्ची पडली.

आम्ही म्हसवडचे कासार. आई म्हणजे उज्ज्वला वेळापुरे, गावाची उज्ज्वलामावशी. अण्णा, माझे वडील, दुकानात बसून माल विकतात आणि आई बांगड्या भरते. आता मनगटावर उघडमीट होणाऱ्या, यंत्रातून छापून निघणाऱ्या बांगड्या घरोघरी पोचल्यात, त्यामुळे रोजचं गिऱ्हाईक कमी झालंय. पण लग्नाचा हिरवा चुडा अजून काचेचाच लागतो आणि तो भरायला कासारीणच लागते. बाईचा हात हातात घ्यायचा, तिच्या अंगठ्याचं मूळ आपल्या अंगठ्यानं तळव्यात आत दाबायचं, पंजा निमुळता झाला की बांगडी जराशी फिरवत वर चढवायची. काच मोडता कामा नये, कातडं सोलता कामा नये. बाई घाबरून हात ताठ करते, तेव्हा आई दरवेळी एकच वाक्य म्हणते, "हात सैल सोड, बाळ."

मी या सगळ्यातून शिकून बाहेर पडले. कराडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी नियोजक आहे. मोडलेल्या, चिरडलेल्या हातापायांची शस्त्रक्रिया कशी करायची याचा नकाशा मी काढते आणि सर्जन त्याबरहुकूम कापतात. माझा आणि बांगड्यांचा संबंध नऊ वर्षांपूर्वीच संपला. हॉस्पिटलात कोपरापर्यंत हात मोकळा ठेवायचा नियम आहे आणि खरं सांगायचं तर तो नियम मला फार आवडला होता.

सिद्धनाथाच्या यात्रेच्या आधी आई टेम्पोतून माल उतरवत होती. बांगड्यांची पेटी घसरली म्हणून तिनं उजवा हात घातला आणि त्याच क्षणी टेम्पोच्या फाळक्याची कडी सुटली. लोखंडी फाळका तिच्या अंगठ्याच्या मुळावर आदळला. अण्णा तिला घेऊन कराडला आले तेव्हा ती स्ट्रेचरवर होती आणि मला बघून पहिलं वाक्य बोलली ते हे, "ईशे, पेटीतली एकपण वाढली न्हाई बग."

बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. तिच्या उजव्या हातातल्या काचेच्या सगळ्या वाढल्या होत्या. सोन्याची पाटली सुजेत रुतली होती, ती अपघात विभागात कापून काढावी लागली. नर्सनं ती एका पाकिटात घालून माझ्या हातात दिली आणि मी ते पाकीट कपाटात टाकलं.

नात्यातल्या पेशंटचं नियोजन आपण करू नये, असा आमच्याकडे संकेत आहे. पण विभागातला दुसरा नियोजक रजेवर होता आणि आईचा हात मी दुसऱ्या कोणाला दिलाही नसता. डॉ. रणवरे आमचे हाताचे सर्जन, पंचवीस वर्षांचा अनुभव, कामापुरतं बोलणारे. त्यांनी तात्पुरत्या तारा घालून तुकडे जागेवर धरले आणि म्हणाले, "आठ दिवसांत खरी शस्त्रक्रिया व्हायला हवी. त्यानंतर स्नायू आखडतील. नकाशा परवापर्यंत द्या."

आमच्या नियोजनाच्या यंत्रणेचं नाव लांबलचक आहे, आम्ही तिला आरसा म्हणतो. हाताची तीन प्रकारची चित्रं घेतात. सीटीत हाडं दिसतात, एमआरआयमध्ये स्नायू आणि नसा, आणि शिरेत औषध सोडून घेतलेल्या चित्रांत रक्तवाहिन्या. पूर्वी सर्जन ही चित्रं शेजारीशेजारी लावून मनातल्या मनात जोडत. आरसा ती एकावर एक बसवून पडद्यावर अख्खा हलता हात उभा करतो. मग एकच प्रश्न उरतो, मोडण्याआधी हा हात कसा होता? धडधाकट असताना हाताचे स्कॅन कोण काढून ठेवतं? यावर आरशाचं उत्तर साधं आहे. माणसाला दोन हात असतात. चांगल्या हाताचं चित्र घ्यायचं, उलटं करायचं आणि मोडक्या हातावर ठेवायचं. कुठला तुकडा किती सरकवायचा ते लगेच कळतं. जिथे हाडाचा भुगा झालाय तिथे त्या आकाराची कॅल्शियमची जाळी छापतात आणि तिच्यात पेशंटच्याच पेशी पेरतात. सहा महिन्यांत जाळी विरते आणि जागेवर खरं हाड तयार होतं. ते जन्मभर राहतं. चूक झाली असेल तर तीही जन्मभर राहते, पण हे आम्ही पेशंटला सांगत नाही, कारण चूक होत नाही अशी आमची समजूत होती.

स्कॅनच्या मशीनमध्ये आईनं डावा हात ताठ धरला होता. मी काचेपलीकडून माईकवर म्हटलं, "हात सैल सोड." म्हटल्यावर माझ्याच लक्षात आलं आणि आतून आईचं हसू ऐकू आलं.

आरशानं अकरा मिनिटांत नकाशा दिला. खात्री सत्त्याण्णव टक्के. खाली दोन ओळी होत्या. चांगला हात नमुना म्हणून वापरायचा? मी होय दाबलं. उजव्या हातातल्या शाबूत तुकड्यावर झीज दिसते, दुर्लक्ष करायचं? त्यालाही होय. हे दोन होय मी नऊ वर्षांत काही हजार वेळा दाबले असतील.

शस्त्रक्रियेच्या सरावासाठी आम्ही हाताची प्रतिकृती छापतो. आत कडक हाडं, वर मांसाइतकं मऊ आवरण, सांधे खऱ्यासारखे हलणारे. चौथ्या दिवशी मी ती आईला दाखवायला वॉर्डात नेली. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. थोडं कौतुकही हवं होतं, ते का नाकबूल करू.

आईनं ती डाव्या हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि अण्णांना म्हणाली, "पिशवीतली दोन-सहा द्या." बांगडीचं माप असं सांगतात, दोन इंच आणि वर इंचाचे सहा सोळावे भाग. तिनं प्रतिकृती मांडीत घट्ट धरली, अंगठ्याचं मूळ डाव्या अंगठ्यानं दाबलं आणि बांगडी सरकवली. ती सर्रकन मनगटापर्यंत गेली.

"ह्यो माझा हात न्हाई," आई म्हणाली.

"आई, तुझाच आहे. तुझ्या डाव्या हातावरून केलाय."

"मग आसंल माझा डावा. त्याला दोन-सहा जाती. माझ्या उजव्याला लगीन झाल्यापासनं दोन-आठच लागती. अगं, कामाचा हात कुनाचा दुसऱ्याएवढा आसतो व्हय? बाईचं माप घेताना आदी ती कुठल्या हातानं भाकरी थापती त्ये इचारावं लागतं. एवढं शिकलीस आन् ह्ये कुनी सांगितलं न्हाई तुला?"

वॉर्डातल्या शेजारच्या दोघी हसल्या. मी लहानपणीसारखी लाल झाले.

मी डॉ. रणवरेंकडे गेले. ते म्हणाले, "उजवा हात एखाद्या मिलिमीटरनं मोठा असतोच. आरसा तेवढं धरून चालतो." मी कपाटातलं पाकीट काढलं, कापलेली पाटली जोडून मोजली आणि त्यांच्यापुढे ठेवली. दोन-सहाच्या मापाहून ती तीन मिलिमीटरच्या वर मोठी होती. सरांनी ती स्वतः पुन्हा मोजली आणि म्हणाले, "तो झिजलेला तुकडा उघडा."

अंगठ्याच्या मुळाशी एक छोटं हाड असतं. त्याचा माथा खोगिरासारखा खोलगट असतो आणि त्यावर अंगठा बसतो, म्हणून तो आडवाही फिरतो आणि उभाही. आईच्या उजव्या हाताच्या खोगिराचा नखाएवढा तुकडा शाबूत होता. तो डाव्यापेक्षा कितीतरी सपाट होता. आरशानं त्याला झीज म्हटलं होतं. पण झीज खडबडीत असते आणि हा तुकडा नितळ होता. पस्तीस वर्षं परक्या बायकांचे अंगठे दाबून दाबून त्या सांध्यानं स्वतःला नव्यानं घडवलं होतं. तो इतर कोणाच्याही सांध्यापेक्षा सैल होता आणि आत जास्त वळत होता. आमच्या नकाशानं तो नीटनेटका, घट्ट केला असता. त्या हातानं आईला जेवता आलं असतं, सही करता आली असती, कपडे पिळता आले असते. बांगडी भरता आली नसती.

मला भीती वाटली, ती फक्त आईसाठी नव्हे. गेल्या काही वर्षांत काही पेशंट पुन्हा येऊन सांगत, हात चांगला आहे हो, पण आपला वाटत नाही. एक शिंपी होता, एक बाई तबला शिकवायची. आमच्या तपासण्यांत सगळं उत्तम यायचं, म्हणून आम्ही त्यांना समुपदेशकाकडे पाठवत होतो.

"नमुना कुठून आणणार?" सर म्हणाले. "एका नखाएवढ्या तुकड्यावरून अख्खा सांधा काढता येणार नाही. तो हलायचा कसा, ते कळायला हवं. चार दिवस आहेत."

उत्तर अण्णांकडून आलं, तेही तक्रारीच्या सुरात. आईचा जुना हात हलताना बघायला हवा होता, असं मी म्हटल्यावर ते म्हणाले, "आता कुठनं दिसायचा तिचा हात. लोकांच्या लग्नाच्या व्हिडिओत तेवढा ऱ्हायला."

आमच्या भागात चुडा भरण्याचा कार्यक्रम झाला की कॅमेरावाला नवरीच्या हाताजवळ बसतो. हिरवी काच, मेंदी आणि त्यांना धरलेला आईचा उजवा हात. म्हसवडच्या बायकांच्या ग्रुपवर मी निरोप टाकला. दोन दिवसांत दोनशे अकरा चित्रफिती आल्या. एकीनं विचारलं होतं, मावशीचा हातच दिसतोय, तोंड नाही, चालेल का?

एकाही चित्रफितीत आईचं तोंड नव्हतं. वीस वर्षांची लग्नं, शेकडो नवऱ्या, त्यांच्या आया, मावश्या, कुत्रीसुद्धा दिसत होती, आणि आई कुठेही नव्हती. फक्त तिचा हात. मला फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी कामाचा आनंदही झाला, कारण मोजायला याहून चांगलं काही मिळालं नसतं. प्रत्येक चित्रात एक बांगडी होती. बांगडी तिरकी धरली की चित्रात लंबगोल दिसते, आणि किती लंबगोल दिसते यावरून ती किती तिरकी आहे ते काढता येतं. बांगडीचं माप कळलं तर तिच्याशेजारच्या अंगठ्याचंही मोजमाप मिळतं.

माप आईनं सांगितलं. ती पलंगावर बसली होती, मी एकेक चित्रफीत लावत होते. नवरीचं तोंड यायच्या आधीच ती बोलायची, "ही माळ्यांची थोरली, दोन-चार. ही विरकरांची सून, हाडाची मोठी, दोन-आठ. हिचं मनगट लहानपनी मोडलंय, हिला दोन-सहा पन हळू." एकदाही अडखळली नाही. अण्णा म्हणाले, "माझा वाढदिवस हिला आठवत न्हाई." आई म्हणाली, "तुमच्या हातात बांगड्या घाला, मग ध्यानात ऱ्हाईल."

दोनशे अकरा लग्नांतून आईचा उजवा अंगठा माझ्या पडद्यावर उभा राहिला आणि हलला. नखाएवढा तो तुकडा त्याच्याखाली बिनचूक बसला. आरसा तरीही लाल अक्षरांत सांगत होता, सांधा असामान्य, शिफारस नाही.

आता सरांच्या टेबलावर दोन नकाशे होते. सरांनी आईला समोर बसवून नीट समजावलं. "पहिला हात घट्ट आहे. वीस-पंचवीस वर्षं कुरकुर करणार नाही. दुसरा तुमचा जुना हात. पण तो सैल आहे, तो दहा-बारा वर्षांत दुखायला लागेल. निर्णय तुमचा."

आई काही बोलायच्या आत मीच बोलले. "पहिलाच घे, आई. बास झालं आता. किती दिवस परक्यांचे हात दाबत बसणार आहेस? पेट्या उचल, यात्रेत बस, फाळके अंगावर घे. घरी बस, आराम कर."

दोनशे अकरा लग्नं दोन दिवस धुंडाळून मी हे बोलत होते. सर कागद चाळायला लागले. आईनं माझ्याकडे बघितलं, या वेळी सरळ तोंडाकडे.

"तुला माझ्या हाताची काळजी हाय का माझ्या धंद्याची लाज हाय?"

मला खोटं बोलता आलं नाही. "दोन्ही," मी म्हणाले आणि मला रडू आलं.

"रडू नगं. लाज वाटली म्हनून शिकलीस, ते बरंच झालं." मग ती सरांकडे वळली. "डॉक्टरसाहेब, दहा वर्सांनी दुखंल म्हनता. आदी काय दुखत नव्हता व्हय? तुळशीचं लगीन झालं की होळीपातुर राच्याला शेकत बसते मी. तरी भरते. लेकीबाळी माझ्या हातात हात देत्यात आन् डोळं मिटून घेत्यात. ते मला सोडायचं न्हाई. माझा मला द्या."

तो दुखायचा, हे मला माहीत नव्हतं. हजारो हातांचे नकाशे काढणाऱ्या मला घरातला एक हात दुखतो हे माहीत नव्हतं. मी दुसऱ्या नकाशावर सही केली. सरांनी त्याखाली केली. आरशानं दोनदा विचारलं, खात्री आहे? मी दोन्ही वेळा होय दाबलं, आणि या वेळी वाचून दाबलं.

शस्त्रक्रिया साडेपाच तास चालली. त्यानंतर जाळी, पट्ट्या, व्यायाम, आईची चिडचिड, अण्णांच्या हातच्या करपलेल्या भाकऱ्या, असे सात महिने गेले. हॉस्पिटलच्या अर्जात त्या काळात एक ओळ वाढली. चांगला हात नमुना म्हणून वापरायच्या आधी आता पेशंटला विचारावं लागतं, या हातानं तुम्ही काय करता? ती ओळ मी घालायला लावली. शिंप्याला आणि तबल्याच्या बाईंना मी स्वतः फोन केले.

जूनमध्ये मी म्हसवडला गेले. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आई गादीवर बसली होती. तिचा अंगठा वळत होता, मूठ मिटत होती, पेला धरता येत होता. पण बांगडी तिनं अजून कोणालाच भरली नव्हती.

"बस हितं," ती म्हणाली. "परक्या पोरीला लागलं तर काय तोंड दावू? तुझ्यावरच बगते."

हॉस्पिटलातला मोकळ्या हाताचा नियम मी काढला नाही. उजवा हात पुढे केला. तिनं हिरव्या काचेची दोन-चार काढली, माझं कॉलेजातलं माप. तिच्या नव्या अंगठ्यानं माझा अंगठा आत दाबला आणि बांगडी सरकवली. ती बोटांच्या मुळाशी येऊन अडकली. आईनं पुन्हा दाबलं. बांगडी हलेना.

पडद्यावरचा तो कोन, तो सपाट माथा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी कुठे चुकले असेन? सात महिने, आणि आईचं उरलेलं सगळं आयुष्य. अण्णा गल्ल्यामागे उभे राहिले होते.

"हात सैल सोड, बाळ," आई म्हणाली.

"सोडलाय."

तिनं बांगडी काढून बाजूला ठेवली. माझा पंजा दोन्ही हातांत घेतला आणि हाडं चाचपत राहिली, अंगठ्याचं मूळ, तळव्याची कड, करंगळीखालची गादी. मग विचारलं, "ह्या हातानं काय करतीस तू?"

"एक मूठ असते यंत्राची. ती धरून पडद्यावरची हाडं फिरवायची. जड असते, खऱ्या हाडाइतका जोर लागावा म्हणून. दिवसाचे आठ-नऊ तास."

"व्हय का," आई म्हणाली. ती बराच वेळ हात सोडेना. "मला वाटलं खुर्चीत बसून बटनं दाबतीस. अवो, बगा हिकडं, पोरीचा हात कामाचा झाला."

तिनं दोन-सहा उचलली. तिचा अंगठा माझ्या अंगठ्याच्या मुळावर आला, मला आठवत होता तसाच आत वळला आणि बांगडी जराशी फिरत, कुठेही न लागता, मनगटावर उतरली. मागोमाग दुसरी, तिसरी. मी डोळे मिटून घेतले होते. सहा भरून झाल्यावर आईनं दुसरा हात मागितला.

डाव्याला दोन-चारच बसल्या.